हिरवळीखालचं प्रकरण

त्या सकाळी मी त्या सात कुत्र्याच्या छत्र्या मुकाट्याने उपटून फेकल्या असत्या, तर आज मला तोंड लपवून फिरावं लागलं नसतं. पण एकोणचाळीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस वरवर काही उपटत नाही. तो मुळाशी जातो. (छत्र्यांना मुळं नसतात हे मला नंतर कळलं. तोवर लेख छापून आला होता.)

आमच्या घरापुढची हिरवळ जेमतेम दोन चादरींएवढी. दीड वर्षापूर्वी तिथलं वठलेलं झाड काढून, खड्डा बुजवून बायकोने ती हौसेने लावून घेतली. बरोबर त्या खड्ड्याच्या जागी छत्र्या उगवल्या होत्या.

"अगं, या का उगवल्या?"

"ओल असेल. उपटा आणि अंघोळीला जा."

"कसली ओल? कुठून आली? जबाबदार कोण?"

"अहो, प्रकाशकांचा काल परत फोन आला होता," तिने घाईघाईने विषय बदलला. "पुढच्या शनिवारपर्यंत कात्रणं हवीत म्हणाले." आणि तिने जीभ चावली.

माझ्या निवडक बातम्यांचं पुस्तक निघणार होतं. कचेरीतल्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या. आता माझ्या आयुष्यभराच्या कामाची जगात एकच प्रत उरली होती, आमच्या माळ्यावर, पाच खोक्यांत. माझ्यामागे राहील असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तरीही मी म्हणालो, "खोकी कुठे पळून जात नाहीत. आधी या छत्र्या!"

बायको लगबगीने आत निघून गेली. मी तिथेच ओळखायला हवं होतं.

संशयित माझ्या डोळ्यांसमोर होता. शेजारी पाणीखात्यातले निवृत्त इंजिनियर राहतात. ते नोकरीत असताना मी त्यांना बातम्यांतून अकरा वर्षं झोडपलं होतं, आणि त्यांच्या नळाचा पाइप आमच्या हिरवळीखालून जातो. दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय मी बातमी देत नाही. इथेही दिला. (एक मी, आणि दुसरा चष्मा लावलेला मी.) रविवारच्या माझ्या सदरात मथळा झळकला: 'शेजाऱ्याची गळती, हिरवळीची माती!'

शुक्रवारी इंजिनियर एका हातात तो अंक आणि दुसऱ्या हातात कुदळ घेऊन आले.

"पत्रकारसाहेब, खणा. पाइप गळत असेल तर आज बदलतो. नसेल तर त्याच जागी, त्याच अक्षरांत खुलासा छापायचा."

"खणू नका!" बायको ओल्या हातांनीच धावत बाहेर आली. "भाऊजी, तुम्ही तरी ऐका!"

"जिथे खणू देत नाहीत, तिथेच बातमी असते," मी बाणेदारपणे म्हणालो आणि पहिला घाव स्वतः घातला.

हातभर खणल्यावर पाइप लागला. कोरडा ठणठणीत.

"ओल तुमचीच," इंजिनियर म्हणाले. "रोज तासभर नळी सोडून बसता. आणि नुसत्या ओलीने छत्र्या येत नाहीत. खाली कुजायला काहीतरी लागतं. लाकूड, नाहीतर कागद."

पाइपाशेजारी पांढऱ्या तंतूंनी विणलेला काळपट लगदा दिसत होता.

"कागद?" मी म्हणालो. आम्ही दोघांनी बायकोकडे पाहिलं.

"माळ्यावर वाळवी लागली होती," ती पदराला हात पुसत म्हणाली. "खोकी अर्धी खाल्ली होती. इथे खड्ड्याला भर कमी पडत होती, म्हणून टाकली. तीनदा विचारलं तुम्हाला! फोनवरून मान न वळवता म्हणालात, मी कामात आहे, तुला वाटेल ते कर."

"पुरावा?"

"दोन सूत्रं आहेत. मी आणि माळीबुवा."

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. पुलाच्या सिमेंटची मालिका, इस्पितळातली आग, तीन चौकश्या, दोन राजीनामे. ज्या बातम्या कधी कुणाला पचल्या नाहीत, त्या सात छत्र्यांनी आरामात पचवल्या होत्या. रडावं म्हटलं तर शेजारी समोर उभा.

पण तो भला माणूस कुदळ टाकून हातांनी माती चाचपू लागला. "थांबा, इथे काहीतरी चकाकतंय."

माझा जीव कुडीत परत आला. एक कात्रण अख्खं होतं! लॅमिनेट केलेलं! मी ते शर्टाने पुसलं. इंजिनियरांनी मोठ्याने वाचलं, आणि मग चवीने पुन्हा एकदा वाचलं:

"'खुलासा. पाणीखात्याच्या अभियंत्यांविषयी प्रसिद्ध झालेले वृत्त चुकीचे होते. त्याबद्दल आमचे वार्ताहर दिलगीर आहेत.'"

"हे लॅमिनेट कुणी केलं?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"मी." बायकोने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "छत्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही चूक कबूल केल्याचा तेवढाच कागद होता घरात. खोक्यात कसा गेला कोण जाणे. किती शोधला मी!"

तिने ते नळाखाली धुतलं आणि दिवाणखान्यात, माझ्या एकमेव पुरस्काराच्या पुढ्यात उभं केलं. तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशक.

"किती कात्रणं जमली?"

"सध्या एक," मी म्हणालो.

घरी निघालेले इंजिनियर कुंपणापलीकडून ओरडले, "रविवारी दुसरं येतंय म्हणावं!"