पोटातला राक्षस

बायकोने कोमट पाण्यात हिरवट चूर्ण ढवळून पेला पुढे केला. एरवी त्याने नाक मुरडलं असतं, पण आज त्याला वाद परवडणारा नव्हता. आजवर त्याचा आवाज फक्त फोनवर ऐकू यायचा: "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा." लोक त्या आवाजाला मनसोक्त शिव्या घालत. आज पहिल्यांदाच त्याला मुलांच्या श्राव्य मालिकेत राजाची भूमिका मिळाली होती.

"पोटातल्या चांगल्या जंतूंना हे खाद्य लागतं," बायको म्हणाली. "मुळ्या-बिया मी स्वतः कुटल्यात."

"आणि वाईट जंतूंना?"

"ते आपोआप निघून जातात. प्या मुकाट्याने."

ते निघून जात होते की भांडत होते कोण जाणे, पण स्टुडिओत पोचेपर्यंत पोटात गोंधळ माजला होता. आणि प्रसंग नेमका असा, की राक्षसाच्या भीतीने राजा गुहेत श्वास रोखून लपलाय. दिग्दर्शिकाबाईंनी खूण केली. राजाने श्वास रोखला आणि पोट गुरगुरलं.

"वर कोणी कपाट सरकवतंय का?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं.

वरच्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मग एसी बंद झाला, पंखा बंद झाला, शेवटी पाइपवर संशय येऊन प्लंबर आला. राजा घामाघूम. खरं सांगावं तर भूमिका जाणार, न सांगावं तर हा बाबा भिंत फोडणार. प्लंबरने भिंतीला कान लावला, मग वळून राजाच्या पोटाकडे बोट दाखवलं.

"भिंत ठीक आहे. यांचं बघा."

राजाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दिग्दर्शिकाबाईंचा चेहरा मात्र खुलला.

"अहो, हाच आपला राक्षस! कधीची शोधतेय मी. राजा काय, कोणीही होईल. पुढच्या आठवड्यात हेच पोट घेऊन या."

आठवडाभर त्याने दुप्पट चूर्ण घेतलं. रेकॉर्डिस्टने मागितलं म्हणून रेकॉर्डिंगच्या सकाळी त्यालाही एक पुडी नेऊन दिली. बिचाऱ्याने ती तिथेच चहाबरोबर घेतली.

माइक पोटाला लावला. राक्षस गप्प. तो वाकला, उड्या मारल्या, तांब्याभर पाणी प्यायला. पोट ढिम्म. त्याने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"सांगितलं नव्हतं का?" बायको खूश झाली. "जंतू आधी कुरकुर करतात, मग रुळतात. गुण आला म्हणायचा."

त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं. राक्षस गेला, राजा तर आधीच हातचा घालवलेला. आता पुन्हा रांगेतल्या लोकांच्या शिव्या खायच्या.

तेवढ्यात काचेपलीकडे दणदणीत गुरगुर झाली. रेकॉर्डिस्ट पोट धरून उभा राहिला. दिग्दर्शिकाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग याच्याकडे.

"तुमचं पोट नक्की गप्प राहील ना?"

"हो. अगदी रुळलंय."

"मग राजेसाहेब, शिरा गुहेत."

पहिला भाग घरी त्याच्या आईसकट सगळ्यांनी मिळून ऐकला. राक्षस बराच वेळ गुरगुरला.

"अहो, यात तुम्ही कुठे आहात?" बायकोने विचारलं.

"तो गप्प बसलाय ना, तो मी."

बायकोने अभिमानाने सासूबाईंकडे पाहिलं. "माझ्या चूर्णामुळे."