पाटीलवहिनींचं झाड

भालेराव काका कुणाच्या घरी गेले की आधी बेल वाजवत नाहीत, अंगणातलं झाड वाजवतात. टरबूज घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशी खोडावर टकटक करतात, कान लावतात आणि मग दारात येऊन म्हणतात, "आंबा ठीक आहे. तुम्ही कसे आहात?"

मखमलाबाद रोडला ते आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेत. काकू गेल्या, मुलगी बंगळूरला. खिशात गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, बाळगतात आणि जे दिसेल ते सरळ आहे का, दोरी लावून बघतात. "उभं आहे म्हणजे धड आहे असं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते झाडांना लागू पडतं, तसंच सोसायटीच्या चेअरमनलाही. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी वरपक्षाची अख्खी रांग भरल्या ताटावरून उठवली, का तर वर एक वाळकी फांदी होती. "ती काय मुहूर्त बघून पडणार आहे?" भाचीचे सासरे अजून माझ्याशी तुटक बोलतात.

पण काकांचं खरं भांडण भिंतीपलीकडच्या पाटीलवहिनींशी. वहिनी मूळच्या कळवणच्या, एकट्याच राहतात. त्यांच्या अंगणात थोराड पिवळा गुलमोहर होता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बुंध्याला अळंबी फुटली आणि काका भिंतीशी हजर.

"वहिनी, मुळं सडलीत. खोड पोकळ वाजतंय. काढायला हवं."

"तुमच्या सोलरवर सावली पडती, म्हणून माझं झाड आजारी व्हय भावजी?"

"अहो, माझ्या स्वयंपाकघरावर पडेल ते!"

"मग बाहेर जेवा."

म्हाताऱ्याला गरम पाण्यासाठी झाड खायचंय, असं कॉलनीने ठरवून टाकलं. काका कुणाशी वाद घालत बसले नाहीत.

उन्हाळ्यात बुंध्याजवळची माती फुगली आणि तिला भेग पडली. त्याच आठवड्यात काकांनी एक नवीनच खूळ काढलं. वहिनींच्या झोपायच्या खोलीसमोर भिंतीवर रेडिओ ठेवायचा आणि संध्याकाळपासून मोठ्याने भजनं लावायची. वहिनी भांडल्या, आम्हीही समजावलं. काका ढिम्म. शेवटी वहिनींनी वैतागून पलंग पुढच्या खोलीत हलवला. सूड घेतायत, असंच मलाही वाटलं.

मग एका सकाळी ते हात जोडून वहिनींच्या फाटकात उभे राहिले. "वहिनी, उद्या माझ्या डोक्यात पडलं तर?"

वहिनींनी फाटकाची कडी काढली. "तुमचा जीव माझ्या माथी नको बाबा. तोडा."

महापालिकेची परवानगी आली, माणसं आली. दोर कुठून बांधायचे ते ठरवायला काकांनी माझ्या हातात ओळंबा दिला आणि मला मागच्या गल्लीत उभं केलं. मी दोरी धरली. दोरी सरळ खाली आली, पण खोड तिला सोडून बाजूला झुकलं होतं. काकांच्या स्वयंपाकघराकडे नव्हे, वहिनींच्या झोपायच्या खोलीवर.

"काका, हे तर त्यांच्याच—"

"हळू बोल." ते जवळ आले. "तिकडेच कललंय ते, पहिल्यापासून."

"मग त्यांना सांगायचं ना!"

"एकटी बाई आहे. सांगितलं असतं तर वाऱ्याची झुळूक आली तरी जीव मुठीत धरून बसली असती. पुढच्या खोलीला धोका नव्हता. तिला तिथे न्यायची होती फक्त."

"आणि कॉलनी तुम्हाला काय काय बोलली..."

"बोलू दे. माझी ही गेल्यापासून रात्री घरात एकट्याला भीती कशी वाटते, ते मला ठाऊक आहे."

दुपारपर्यंत झाड तुकड्यातुकड्यांनी उतरलं. बुंधा आतून इतका पोकळ होता की कामगारांनी त्यात कोपरापर्यंत हात घालून दाखवला. वहिनी आल्या, वाकून बघितलं आणि तडक घरात गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

थोड्या वेळाने खिडकीतून हाक आली, "भावजी, चहा टाकलाय. या. भांडायचं ते चहा पिऊन भांडा."

काकू गेल्यापासून काकांना चहासाठी कुणी अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. आम्हीसुद्धा मारली नव्हती. काकांनी अंगावरचा भुसा घाईघाईने झटकला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मला विचारलं, "बरा दिसतोय ना रे?"