पुस्तकाचा बंदोबस्त

जी वस्तू अस्तित्वातच नाही, ती हरवू शकत नाही. तेव्हा हरवण्याचा धोका मुळापासून टाळायचा, तर वस्तू अस्तित्वात येऊ न देणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय. या निष्कर्षाप्रत आजवर अनेक कार्यालये पोहोचली आहेत. पण एका राहत्या घरात, एकट्या माणसाने, वरिष्ठांच्या मंजुरीवाचून हा उपाय जवळजवळ तडीस नेला, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

हा माणूस म्हणजे एक निवृत्त अधीक्षक. जुनी कागदपत्रे सांभाळण्याच्या कक्षात त्यांची हयात गेली. त्यांच्या कारकिर्दीत एकही कागद गहाळ झाला नाही. (एकही कागद कुणाला सापडलाही नाही, पण तो विषय दुसऱ्या कक्षाचा.)

त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा सुटली तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंनी मुलांसाठी, नकाशा कसा वाचावा यावर पुस्तक लिहायला घेतले. महिनाअखेर मजकूर हातात द्या, शाळा उघडायच्या आत छापतो, असे एका प्रकाशकाने कबूल केले होते. उशीर झाला तर मात्र राम राम, असेही सांगितले होते. पहिल्याच संध्याकाळी बाई खुर्ची फिरवून म्हणाल्या,

"अहो, पहिलं पान झालंय. वाचून बघता का जरा? तुम्हाला कळलं ना, तर कुणालाही कळेल."

हा टोमणा नव्हता. अधीक्षकांना दिशा हा प्रकार ठाऊक नव्हता. कोपऱ्यावरून दूध आणायला गेले, तरी येताना ते शेजारच्या इमारतीचा जिना चढत आणि दार उघडणाऱ्या शेजारणीला पाहून दचकत. बाईंनी हे पुस्तक मुलांसाठी लिहायला घेतले होते खरे, पण लिहिताना डोळ्यांपुढे अधीक्षकच होते.

"वाचू की," अधीक्षक म्हणाले. "पळून का जातंय? आधी सुरक्षित करू."

पहिल्या टप्प्यात प्रती काढण्यात आल्या. एक पेनड्राइव्ह साखरेच्या डब्यात (चोर साखर नेत नाहीत), एक मेहुणीकडे (आपल्या घराला आग लागल्यास), आणि एक गावाच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या डॉक्टरांकडे (पूर आल्यास; दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे). हा शेवटचा पोचवायला बाई सोबत गेल्या होत्या. फायलींना 'अंतिम', 'अंतिम खरे' आणि 'अंतिम खरे हात लावू नये' अशी नावे देण्यात आली. पुस्तक तेव्हा एक पान होते.

दुसऱ्या टप्प्यात अधीक्षकांनी संगणकावरचा मेनू उघडून पाहिला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. डिलीट, कट, क्लोज ही घातक हत्यारे तिथे राजरोस मांडून ठेवलेली होती. ती तत्काळ काढून टाकण्यात आली. 'अनडू' गेले, कारण एकदा केलेले काम नाकबूल करणे शिस्तीत बसत नाही. मेनू बदलण्याची सोयही काढली, कारण उद्या कुणी येऊन मेनू बदलेल. अक्षरांच्या रंगाला त्यांची हरकत नव्हती. रंग राहिले.

तिसरा टप्पा हा या कामाचा कळस. कीबोर्डवर सर्वांत मोठे बटण कोणते? स्पेसबार. आणि सर्वांत मोठे काम कोणते? बॅकअप. इतकी उघड गोष्ट आजवर कुणाच्या ध्यानात येऊ नये याचे अधीक्षकांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी बॅकअपचा शॉर्टकट स्पेसबारवर बसवला. आता प्रत्येक शब्दानंतर त्याच मशीनमध्ये पुस्तकाची एक संपूर्ण प्रत निघू लागली. आधी पडद्यावर एक चौकट विचारी, 'खात्री आहे?' मग दुसरी विचारी, 'नक्की?'

"अहो, एक शब्द लिहिला की मशीन गप्प बसतंय."

"गप्प नाही, कामात आहे."

"मग मी काय करू तोवर?"

"पुढचा शब्द ठरव."

बाईंनी जागा न सोडता, सगळे शब्द चिकटवून लिहून पाहिले. हा प्रकार उघडकीस येताच अधीक्षकांनी शेजारी खुर्ची टाकली आणि स्पेसबार स्वतःच्या ताब्यात घेतला. बाई शब्द लिहीत, अधीक्षक बटण दाबत. खांद्याला खांदा लावून दोघे दिवसेंदिवस बसले. बघणाऱ्याला हेवा वाटावा असे ते दृश्य होते.

"इतके जवळ बसलाय, तर एक ओळ तरी वाचा ना."

"लक्ष विचलित करू नकोस," अधीक्षक चौकटीकडे बघत म्हणाले.

महिना संपायला आठवडा उरला आणि पडद्यावर सूचना आली: 'जागा शिल्लक नाही. काही फायली डिलीट करा.' डिलीट कुठे होते, हे आपल्याला माहीतच आहे. अधीक्षकांनी निर्धाराने स्पेसबार दाबला. मशीनने दोनदा उसासा टाकला आणि कायमचे डोळे मिटले.

अधीक्षक डगमगले नाहीत. हाच तर तो प्रसंग! साखरेतला पेनड्राइव्ह चिकट होऊन बसला होता. मेहुणीने आपल्याकडच्या पेनड्राइव्हमधल्या फायली काढून लग्नाचे फोटो भरले होते. (तिच्याकडे डिलीट शाबूत होते.) राहता राहिला दवाखाना. बाईंनी रस्त्याचा नकाशा काढून दिला. असा महत्त्वाचा कागद अधीक्षकांनी बाहेर कसा न्यावा? तो कपाटात कुलूपबंद करून ते निघाले, आणि अंधार पडता पडता शेजारच्या जिन्यावर सापडले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गेल्या. पेनड्राइव्हमध्ये पहिल्या संध्याकाळचे पहिले पान होते. दवाखान्याच्या बाकावर बसून बाई रडल्या. पुस्तक गेले म्हणून रडल्या, आणि त्याहून जास्त, ते जाताना त्यांच्याखेरीज कुणीच वाचलेले नव्हते म्हणून. डॉक्टरांना वाटले, दाढ.

तिथून त्या तडक प्रकाशकाकडे गेल्या. मागच्या खोलीत एक जुने मशीन होते, त्याला बॅकअप ठाऊक नव्हता आणि त्याचा स्पेसबार फक्त जागा सोडायचा. उरलेल्या दिवसांत बाईंनी पुस्तक पुन्हा लिहून काढले. ते वेळेवर छापून आले.

पहिली प्रत बाईंनी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि समोर बसून राहिल्या. अधीक्षकांचे डोळे खरोखरच भरून आले. त्यांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, टेप लावली आणि आणखी पाच प्रती मागवून निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या.

"वाचलंत?" महिन्याभराने बाईंनी विचारले.

"अगं, आहे ना सुरक्षित!"

बाईंनी पुन्हा विचारले नाही.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले आहे: 'आमच्या ह्यांना. हे वाचलंत, तर एक दिवस एकटे घरी याल. मी दार उघडायला असेन.' अधीक्षकांना हे अद्याप माहीत नाही. यात गुपित काही नाही. मजकूर छापील आहे आणि सहा ठिकाणी सुरक्षित आहे.

वाचक हसले असतील, तर ते योग्यच आहे. आता त्यांनी एवढेच करावे. घरातल्या कुणीतरी 'बघ ना जरा' म्हणून हातात दिलेले, आणि आपण 'निवांत वाचू' म्हणून जपून ठेवलेले जे काही असेल, ते काढावे. (कुठे ठेवले ते आठवत नसेल, तर काळजीचे कारण नाही. हरवलेले नाही. सुरक्षित आहे.)