कुटुरग्यांचं अर्धं गाणं

एका जंगलात पाण्याची बोंब होती, पण टीव्ही मात्र ढोलीढोलीत होता. यात तुम्हाला काही विचित्र वाटलं नसेल, मुलांनो. तुम्ही हुशार आहात.

त्या जंगलात एका उंबरावर कुटुरग्यांचं जोडपं राहायचं. कुटुरगा म्हणजे हिरवा, मोठ्या डोक्याचा, फळं खाणारा पक्षी. नवऱ्याचं नाव अंबादास, बायकोचं वत्सला. दोघं मिळून एकच गाणं गायची. अंबादास एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. त्या मोकळ्या जागेत वत्सला आपली ओळ म्हणायची. तिची ओळ जास्त अवघड होती. ती तिला आईकडून मिळाली होती. गाणं शिकायला अंबादासही लग्नानंतर सासूबाईंसमोर दोन वर्षं बसला होता. त्यातलं पहिलं वर्ष नुसतं थांबायला शिकण्यात गेलं.

सकाळी ही दोघं गायला लागली की हरणं चरता चरता मान वर करायची. टाळ्या कुणी वाजवायचं नाही. गाणं संपलं की सगळे आपापल्या कामाला लागायचे. बिचाऱ्या कुटुरग्यांना माहीतच नव्हतं, की याला अपयश म्हणतात.

ते सांगायला कोल्हा आला. कोल्हा हा 'जंगलाचा महागळा' या कार्यक्रमाचा निर्माता होता.

"एवढं छान गाता, पण तुम्हाला ओळखतं कोण?" त्याने विचारलं.

"हरणं ओळखतात की," अंबादास म्हणाला.

"हरणं मतं देत नाहीत," कोल्हा म्हणाला.

वत्सलाचे डोळे मात्र चमकले. "अहो, जाऊ या ना. आईची ओळ अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल."

"दोघांना नाही घेता येणार, ताई. ट्रॉफी एकच असते. गाण्याची सुरुवात कोण करतं?"

"हे करतात."

"मग हेच येतील. शेवटपर्यंत तसंही कोणी बघत नाही."

अंबादास कचरला. "हिच्याशिवाय माझं गाणं अर्धं आहे हो."

"नव्वद सेकंदांत अर्धंच मावतं," कोल्हा म्हणाला.

वत्सलानेच मग समजूत काढली. "तुम्ही जा. एकदा जिंकलात की आपलं सगळे ऐकतील. मग दोघं मिळून पूर्ण गाऊ."

कोल्ह्याने लगेच फॉर्म काढला. "घरात काही दुःख?"

"नाही. उंबर यंदा चांगला लगडलाय."

"कुणी आजारी?"

"नाही हो."

"सासूबाई?"

"त्या गेल्या. पण म्हाताऱ्या होऊन, झोपेत."

कोल्ह्याने कपाळावर हात मारला. "अशाने कसं व्हायचं? तिकडे तो कावळा बघा, गेल्या वर्षी वारलेली आई यंदा पुन्हा घेऊन आलाय!"

मग त्याने वत्सलाकडे निरखून पाहिलं. एक पान तोडलं आणि तिच्या गळ्याभोवती पट्टीसारखं बांधलं. "ताईंचा गळा कायमचा गेला. नवरा तिच्या ओळीची जागा रिकामी ठेवून गातो. वा! मला आत्ताच रडू येतंय."

"पण माझा गळा धडधाकट आहे," वत्सला म्हणाली.

"असू दे. फक्त तो कुणाला ऐकू येता कामा नये. शेजारीपाजारी सगळे मतदार आहेत."

स्पर्धा सुरू झाली. परीक्षक होते मोर, तरस आणि मगर. मोराला गाण्यातलं काय कळतं, असं विचारू नका. त्याचा पिसारा कॅमेऱ्यात छान दिसायचा. तरस प्रत्येक गाण्याला हसायचं आणि मगर प्रत्येक गाण्याला रडायची, त्यामुळे निकाल समतोल लागायचा.

अंबादासने आपली ओळ म्हटली आणि तो थांबला. पडद्यावर पट्टी बांधलेली वत्सला दिसली. मगरीने पाण्याची बोंब क्षणभर मिटवली.

"तू ती जागा मोकळी सोडलीस ना," मोर म्हणाला, "तिथे मला मीच दिसलो." मोराला तो सगळीकडेच दिसायचा.

पण दुसऱ्या फेरीत कोल्हा कुरकुरला. "तू थांबलास की लोक चॅनल बदलतात." मग त्या मोकळ्या जागेत अस्वलाचा ढोल आला. अंबादास ओळ म्हणायचा, थांबायचा, की ढमढमाढम! जंगल बेभान होऊन नाचायचं. पहिल्या दिवशी अंबादास दचकला. चौथ्या दिवशी तो ठेका धरायला लागला.

इकडे वत्सला ढोलीत बसून राहायची. सकाळ झाली की ओळ आपोआप गळ्यात यायची. ती गिळायची. दिवसभर जडच वाटायचं. तरी ती रोज अंबादासला मत द्यायची, अगदी मनापासून.

सहा महिन्यांनी अंबादास जिंकला. सिंहाने ट्रॉफी दिली. अख्खं जंगल वाजतगाजत त्याला घरी पोचवायला आलं. उंबराखाली उभं राहायला जागा उरली नाही.

अंबादासने स्वतःच्या चोचीने वत्सलाची पट्टी सोडली. "झालं गं एकदाचं. चल, आता पूर्ण गाऊ."

त्याने आपली ओळ म्हटली. थांबला. आणि वत्सला गायली.

मुलांनो, इथे मी चेष्टा करणार नाही. ती फार सुंदर गायली. सहा महिने गिळलेलं सगळं त्या एका ओळीत आलं. तिची आई असती, तर तिने लेकीला जवळ घेतलं असतं.

खाली सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक वानरीण म्हणाली, "बाई, गळा बरा झाला, आनंद आहे. पण तिथे ढोल आहे. मध्येच ओरडू नका."

"मूळ चाल बिघडवली," ससा म्हणाला.

"नवऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही काहींना," मुंगूस कुजबुजलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच हळू.

वत्सलाने अंबादासकडे पाहिलं. ती ओळ कुणाची, हे त्या गर्दीत त्या एकट्याला माहीत होतं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, बस.

अंबादासने खाली पाहिलं. शेकडो तोंडं त्याच्याकडे बघून हसत होती. त्याच्याकडे याआधी असं कुणी बघितलं नव्हतं.

"वत्सू," तो हळूच म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे." आणि त्याने अस्वलाला खूण केली.

तो आजचा दिवस पुढे पाच वर्षं चालला. त्या काळात दर हंगामात नवीन महागळा निवडला गेला आणि शेवटी अंबादासला कुणी विचारेनासं झालं. आता तो सकाळी ओळ म्हणतो आणि थांबून वत्सलाकडे बघतो. तीही त्याच्याकडे बघते. तिला आईचा चेहरा आठवतो, ओळ आठवत नाही.

तात्पर्य : गायकांनी टीव्हीवरच्या स्पर्धेत जरूर उतरावं. त्यामुळे गाणं घराघरांत पोचतं. अर्धंच पोचतं, पण घरं कितीतरी असतात.