मूठभर हळद

आरशात पाहिलं आणि कानामात्रांच्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. कपाळापासून गळ्यापर्यंत ते पिवळेधमक झाले होते. साबण लावून झाला, घासून झालं. रंग ढिम्म हलेना, उलट साबण डोळ्यांत जाऊन डोळे लालबुंद झाले.

"वैद्यबाईंनी किती हळद सांगितली होती?" बायकोने विचारलं.

"मूठभर."

"अहो, चिमूटभर असेल!"

कानामात्रांनी पुन्हा आरशात पाहिलं. छापखान्यात मुद्रितं तपासणारा हा माणूस. एका अनुस्वारासाठी अख्खं पान परत पाठवायचा, म्हणून सगळे त्यांना कानामात्रा म्हणायचे. चिमूट आणि मूठ यांतला फरक त्यांना कळू नये?

आदल्या संध्याकाळी ते मानेवरची खाज दाखवायला गेले होते. वैद्यबाईंनी मान सोडून नाडी धरली, जीभ पाहिली, झोपेची नि पोटाची चौकशी केली.

"खाज मानेला आहे," कानामात्रांनी आठवण करून दिली.

"मान तुमचीच ना? मग अख्खे तुम्ही तपासायला नकोत? चुका दिसल्या की डोकं तापतं?"

"चुका असल्या तरच."

"पित्त वाढलंय," बाई म्हणाल्या. वेळेवर जेवा, जागरण नको, तिखट-आंबट कमी, चिडणं त्याहून कमी, आणि सायीत हळद कालवून लेप. नेमकं तेव्हाच आतल्या खोलीत कुणी तरी खलबत्त्यात औषध कुटायला घेतलं, आणि 'चिमूटभर'मधला 'चि' त्या आवाजात कुटला गेला. खाज मानेची, पण औषध जास्तच उरलं, म्हणून कानामात्रांनी चेहऱ्यालाही लावलं.

शाळेची पुस्तकं त्या दिवशी छापून द्यायची होती. सुट्टी घेणं शक्यच नव्हतं. मफलर गुंडाळून ते कामावर गेले. छपाई करणाऱ्या मशीनमामांनी मफलर खाली ओढला आणि मशीनच बंद केलं.

"कावीळ!"

"नाही हो मामा, हळद…"

"हळदीचं नाव काढू नका! काविळीत हळद बंद!"

"पण मी सांगतो ते ऐका…"

"बोलू नका, थकवा येईल!"

घटकाभरात छापखाना हादरला. कुणाला मळमळायला लागलं, कुणाला आपली नखं पिवळी दिसू लागली. मालकांनी रक्त तपासणाऱ्यांना छापखान्यातच बोलावलं, आणि कावीळ पाण्यातून येते म्हणून गच्चीवरची टाकी उपसायला माणूस बोलावला. मशीनं थंड पडली. आपल्या एका मुठीने केवढा घोळ घातलाय ते कानामात्रांना बघवेना. शेवटी ते मालकांच्या खोलीत शिरले.

"मालक, ही कावीळ नाही. हळद आहे. ऐकण्यात चूक झाली, माझीच."

राग गिळायला मालकांनी पाण्याचा पेला उचलला. तो ओठांना लागणार तेवढ्यात गच्चीवरून हाक आली.

"साहेब, झाकण फुटलंय! आत दोन कबुतरं मरून पडलीत! चांगली कुजलीत!"

मालकांनी पेला हळूच खाली ठेवला आणि दोन बोटांनी लांब सरकवला.

"हे रोज पीत होतो आपण," ते पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "हळदीचं कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, बायकोला. आता तुम्हाला."

"तेवढ्यावरच राहू द्या."

"आणि शाळेची पुस्तकं?"

"शाळेला फोन केला होता. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आठवडा उशीर चालेल, पण काविळीची पुस्तकं नकोत." मालकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "बाहेर ऐका, सगळे म्हणतायत, तुमच्यामुळे वाचलो. आता तुम्ही एका रात्रीत गोरे होऊन आलात तर मी काय सांगू? चार दिवस घरी पडून राहा."

कानामात्रा बाहेर पडले तेव्हा मशीनमामांनी लांबूनच हात जोडले. इतक्या वर्षांत कानामात्रांना चूक सापडल्यावर कुणी हात जोडले नव्हते. आज स्वतः केली तर जोडले. घरी बायको वाटीत तेल आणि हातात कापूस घेऊन तयारच होती.

"या इकडे. तासाभरात उतरवते सगळं."

"अजिबात उतरवायचं नाही," कानामात्रा म्हणाले आणि पलंगावर ऐसपैस आडवे झाले. "मालकांनी सांगितलंय."