सबज्युडिस म्हैस

वकील भाच्याचा फोन आला तेव्हा निवृत्त सुभेदार नानासो गोठ्यात उकिडवे बसून म्हशीची वार पडायची वाट बघत होते. बिजली पहाटे व्याली होती. ओलं रेडकू तिच्या पायांत धडपडत होतं, आणि नानासोंनी त्याचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसवर टाकलाही होता. ‘आज आपली बिजली म्हैस व्याली. रेडी झाली. चीक न्यायला यावे.’ स्टेटस ठेवायची विद्या त्यांना नुकतीच अवगत झाली होती आणि आयुष्यातलं हे त्यांचं पहिलंच स्टेटस होतं.

“मामा, काम झालं!” पलीकडून वीरधवल ओरडला. “स्टेटस को मिळाला! एक्स पार्टे!”

“एक्स म्हंजी माजी सैनिकांची पार्टी काय रं?”

“पार्टी नाही हो मामा, एकतर्फी. ते सोडा. नीट ऐका. पुढच्या तारखेपर्यंत स्टेटस को मेंटेन करायचा. आज सकाळी जसं होतं तसंच्या तसं. काडीचा बदल नको, नाहीतर कोर्टाचा अवमान होईल.”

वीरधवल बोलला ते लॅटिन होतं. नानासोंच्या कानात शिरलं ते हिंदी. उभी हयात पलटणीत ‘गाडी को मेंटेन करो’, ‘रायफल को मेंटेन करो’ ऐकण्यात गेलेल्या माणसाला ‘स्टेटस को मेंटेन करा’ या वाक्यात वावगं असं काहीच वाटलं नाही. मधली अर्धी हिंदी, शेवट मराठी. त्यांच्या कुंडल गावात सुट्टीवर आलेली पलटणीतली सगळी पोरं असंच बोलायची.

“आनि कुनी इचारलं तर?”

“सांगायचं, मॅटर सब-ज्युडिस आहे. त्यापुढं एक अक्षर नाही.”

“जी,” नानासो म्हणाले, आणि उठून उभे राहिले. सब-ज्युडिस म्हणजे न्यायप्रविष्ट, हे भाच्यानं सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. हुकूम बसून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

खटला तसा हातभर जागेचा होता. नानासो आणि त्यांचे चुलतभाऊ दादासो यांच्या घरांच्या मधे एक बोळ होता, आणि नानासोंच्या गोठ्याचा कूड त्या बोळात आलाय असं दादासोंचं म्हणणं. बोलाचाली वाढली, मग बोलणंच बंद झालं. दादासोंनी ‘जेसीबी घालून पाडतो’ असा निरोप चारचौघांत धाडला आणि नानासोंनी भाच्याकरवी कोर्टातून मनाई मागितली. वीरधवल सांगलीत वकिली करायचा. नुकताच सनद मिळालेला, हुशार, पण त्याला लॅटिनचा भारी सोस. जेवायला बसला तरी ‘प्रायमा फेसी आमटी खारट वाटते’ म्हणणारा.

कोर्टाला म्हशीच्या स्टेटसशी काय कर्तव्य, हा प्रश्न नानासोंना पडलाच नाही असं नाही. त्यांनी फोटो पुन्हा उघडून पाहिला. बिजलीच्या पाठीमागं गोठ्याचा कूड अगदी लख्ख दिसत होता. म्हणजे कोर्टानं पुरावा पाहिला आणि तो हलवू नका म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात कोर्टाला दाद दिली.

दुसऱ्या दिवशी स्टेटस आपोआप पुसलं गेलेलं दिसलं. कोर्टाचा अवमान! घाईघाईनं त्यांनी तोच फोटो, तोच मजकूर पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो नेमच झाला. उठायचं, तोंडसुद्धा धुवायच्या आधी स्टेटस ठेवायचं.

पहिल्या दिवशी चीक न्यायला आळीतली माणसं आली, ते रीतीला धरून होतं. पाचव्या-सहाव्या दिवशीही माणसं किटल्या घेऊन येऊ लागली तेव्हा नानासोंच्या पत्नी अंबूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“आवं, म्हैस कवा व्याली, आनि चीक अजून कसला वाटताय? ह्या बाया मला इचारत्यात, परत व्याली का म्हनून!”

“तू काय म्हनलीस?”

“मी काय म्हननार? तुमीच सांगा!”

नानासो छाती पुढं काढून म्हणाले, “सब ज्युडिस.”

“आनि ही कोन?”

“त्यापुढं एक अक्षर न्हाई.”

स्टेटसवर ‘यावे’ असं लिहिलेलं, आणि सुभेदाराचा शब्द. आलेल्या माणसाला रिकामी किटली घेऊन परत धाडणं नानासोंना जमेना. चीक नव्हता, म्हणून ते दूध देऊ लागले. डेअरीला जाणारं दूध आटत गेलं. रेडकाच्या वाट्यालाही जेमतेम उरायचं, आणि ते अंबूबाईंच्या पदराला ढुशा द्यायचं. अंबूबाई नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागल्या आणि कामं त्यांनी कमी केली.

इकडं गावात वेगळंच पेटलं. रोज एकच फोटो येतोय याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण रेडकं सगळी सारखीच दिसतात. पारावर चर्चा सुरू झाली, की सुभेदाराच्या म्हशीत काहीतरी आहे. कुणी म्हणालं, मिल्ट्रीतनं आणलेली आहे. कुणी म्हणालं, चारा वेगळा देतोय. शेवटी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भरतेश मोटरसायकलवरून आले, बिजलीला पुढून मागून तपासलं आणि बुचकळ्यात पडून म्हणाले, “सुभेदारसाहेब, म्हैस तर एकदाच व्यालेली दिसतेय.”

“मी कुटं न्हाई म्हनलं?”

“मग रोज नवीन रेडी कुठली?”

“त्याबद्दल बोलायचं न्हाई असा वरनं हुकूम हाय, डॉक्टर.”

‘वरनं’ म्हटल्यावर डॉक्टरांनी घाईघाईनं पिशवी आवरली. त्यांच्या बदलीचा हुकूमही अजून वरनंच यायचा होता.

मग सांगलीहून अजितकुमार आले. जनावरांच्या बाजारात ज्यांचा शब्द चालतो असे जाणते व्यापारी. पांढरी टोपी, पांढरा सदरा, तोंडात साखर. त्यांनी बिजलीच्या शिंगांवरून हात फिरवला, कास पाहिली, शेपटीचा गोंडा पाहिला.

“सुभेदार, मुऱ्हा म्हणावी तर शिंगं तशी नाहीत. पंढरपुरी म्हणावी तर कास मोठी. जात कुठली म्हणायची ही?”

नानासो खांबासारखे ताठ उभे. “सब ज्युडिस.”

“सबज्युडिस?” अजितकुमारांचे डोळे चमकले. न कळलेली गोष्ट कळली असं दाखवणं हा त्यांच्या धंद्याचा पाया होता. “असं सांगा की! तरीच म्हटलं. ऐकून आहे मी. पंजाबकडची ना?”

“एक अक्षर बोलनार न्हाई.”

“नका बोलू, नका बोलू. चांगल्या मालाचं असंच असतं.”

आठवडाभरात मिरजेच्या बाजारात कुणीतरी सबज्युडिस रेडा आहे का म्हणून विचारून गेलं. कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्यानं दुधाचा जोडधंदा करायचा म्हणून फोन केला. शिरवळहून एक गाडी भरून माणसं आली, बोळात उभी राहिली, बिजलीसोबत फोटो काढले आणि दूध पिऊन गेली. नानासो दिवसेंदिवस थकत चालले, पण चेहऱ्यावर ते दाखवत नव्हते. एकच गोष्ट त्यांना तेवढी बरी वाटायची. स्टेटस कुणी कुणी पाहिलं ते मोबाइल सांगतो, हेही त्यांना आता कळलं होतं, आणि त्या नावांत रोज सगळ्यांच्या आधी एकच नाव असायचं. दादासो. नानासो ते नाव बघायचे, ‘बगतंय वाटतं बेनं’ असं पुटपुटायचे आणि मगच तोंड धुवायला जायचे.

वीरधवलला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. सकाळच्या शुभेच्छांना कंटाळून त्यानं सगळ्या नातेवाइकांची स्टेटसं बंद करून ठेवली होती.

तारीख आली. वीरधवल नवा कोट घालून, तीन लॅटिन वाक्यं पाठ करून आला होता. पण बोलायला आधी उभे राहिले दादासोंचे वकील, आणि त्यांच्या हातात रंगीत छापील कागदांचा गठ्ठा होता.

“मॅडम, वादीनं स्टेटस कोचा धडधडीत भंग केलाय. वादग्रस्त गोठ्यात एक म्हैस असताना, वादीच्याच जाहीर निवेदनानुसार तिथं रोज एक रेडी जन्माला येतेय. हे रोजचे पुरावे. शिवाय वादीनं तिथं ‘सबज्युडिस’ नावाच्या जातीचं पैदास केंद्र काढलंय आणि परगावची गिऱ्हाइकं बोळातून ये-जा करतायत!”

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. “कुठल्या जातीचं?”

“सबज्युडिस, मॅडम. सांगलीचे नामांकित व्यापारी तसं सांगतात.”

वीरधवलचा चेहरा वहीच्या कोऱ्या पानासारखा झाला. तो मामाकडं वळला. नानासो केव्हाच सावधान उभे होते.

“हे स्टेटस तुम्ही ठेवलंत?” मॅडमनी विचारलं.

“व्हय, साहेब.”

“रोज?”

“एक दिस चुकवलं न्हाई, साहेब. तापात होतो तवाबी ठेवलं.”

“पण का?”

“आपला हुकूम व्हता, साहेब. स्टेटस को मेंटेन करना.”

मागच्या बाकावरून कुणीतरी फुसकन हसलं, मग शिरस्तेदार खाली वाकून काही शोधू लागले, आणि मॅडमनी चेहऱ्यासमोर फाईल धरली. ती फाईल बराच वेळ हलत होती. वीरधवल पाठ केलेली तिन्ही वाक्यं विसरला.

फाईल खाली आली तेव्हा मॅडमचे डोळे ओले होते, पण आवाज सरळ होता. “सुभेदार, त्याचा अर्थ ‘जैसे थे’ असा होतो. गोठा आहे तसा ठेवायचा, एवढंच.”

“एवढंच?” नानासोंच्या डोळ्यांपुढून वाटलेल्या दुधाच्या किटल्या सरकत गेल्या. “मग दूध...?”

“दुधाबद्दल कोर्टानं काही म्हटलेलं नव्हतं.” मग त्या दादासोंकडं वळल्या. “आणि हे सगळे पुरावे तुम्ही जमा केलेत? तुमचं तर यांच्याशी बोलणं नाही ना?”

“न्हाई, साहेब.”

“मग यांचं स्टेटस रोज कसं बघता?”

दादासोंनी आपल्या वकिलाकडं पाहिलं. वकिलानं ‘बोलू नका’ अशी खूण केली. दादासो बोलले. “भाऊ हाय, साहेब. बगू नको व्हय?”

नानासोंची सावधान स्थिती पहिल्यांदाच थोडी ढिली झाली. “बगत होतास तर यायचं हुतं की चीक न्यायला! सगळं गाव आलं.”

“मला कुनी ये म्हनलं?”

“स्टेटसवर लिवलं हुतं की! ते समद्यांस्नी असतंय.”

“मग मी समद्यांतला हाय व्हय?” दादासोंचा आवाज चिरकला. “लहानपनी एका ताटात खरवस खाल्ला आपन. आनि मी आता किटली घिऊन रांगंत उभं ऱ्हायाचं?”

नानासो खाली बघत म्हणाले, “कूड हातभर आत घेतो मी.”

“काय गरज न्हाई. ऱ्हाऊ दे हाय तिथंच.”

“न्हाई, घेतो.”

“आरं म्हैस मोठी हाय, अडचन हुईल तिला! घेऊ नगंस!”

“तू कोन मला सांगनार? माझा कूड हाय!”

“बोळ माझाबी हाय!”

“अहो!” मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. “आता देण्यावरून भांडू नका. बाहेर जा, दोघं मिळून ठरवा आणि लिहून आणा.”

बाहेर लिंबाखाली बसून वकिलांनी कागद केला. कूड आहे तिथं राहील, बोळातून दोघांची वहिवाट राहील, आणि बिजली पुढच्या वेळी व्याली की पहिल्या धारेचा चीक प्रतिवादीच्या घरी जाईल. शेवटचं कलम कायद्यात बसत नाही असं वीरधवल म्हणाला. पण दोन्ही पक्षकार त्याच्याकडं अशा नजरेनं बघू लागले की त्यानं ते मुकाट्यानं घातलं. सह्या झाल्या. मॅडमनी कागद वाचला, शेवटच्या कलमाशी जरा थबकल्या आणि पुढं सही केली.

पायऱ्या उतरताना वीरधवल पार वरमला होता. गाडीजवळ त्यानं मामाचा हात धरला. “मामा, चुकलं माझं. आजपासून लॅटिन बंद. तुमच्याशी बोलेन ते शुद्ध मराठीत. आता काय झालं तेही तुम्हाला मराठीतच सांगतो.” त्यानं घसा खाकरला. “उभय पक्षांत आपसांत तडजोड झाल्याकारणे सदरहू दावा निकाली काढण्यात येऊन प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आलेलं आहे. खर्चाबाबत हुकूम नाही.”

नानासोंनी ते शेवटपर्यंत आदबीनं ऐकून घेतलं. मान डोलवली. वीरधवल समाधानानं निघून गेला.

दादासो भावाच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “नाना, काय म्हनला रं त्यो?”

“कुनाला ठावं.” भाचा फाटकाबाहेर गेलाय याची खात्री करून नानासोंनी मोटरसायकलला किक मारली आणि मागची सीट हातानं झटकली. “पर पोरगं लय शिकलंय बग. बस.”