मोहितेकाकांची लागण

बाहेर पन्नास डिग्री तापमान असताना घरात हीटर लावणारा माणूस कुवेतच्या अख्ख्या खैतानमध्ये एकच असेल. तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो.

मोहितेकाका एका कंपनीत अकाउंट्स बघतात. काकू मुलाच्या कॉलेजसाठी पुण्याला गेल्यापासून घरात ते आणि ऊस, एवढेच. आमच्या बिल्डिंगचा एसी सेंट्रल आहे; तो कमी-जास्त करणं कुणाच्याच हातात नाही. जुलैत आम्ही शाल पांघरून टीव्ही बघतो. ऊस बाल्कनीत ठेवला तर करपतो, हॉलमध्ये ठेवला तर गारठतो. म्हणून उसाचा निळा ड्रम हॉलच्या खिडकीपाशी, आणि त्याच्या शेजारी हीटर.

"अहो, हीटर माणसांसाठी असतो," बाबा एकदा म्हणाले.

"माणूस सोसतोय की. उसाला थंडी सोसत न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोकला झाला तरी हेच, पगार वाढला नाही तरी हेच.

बेणं, म्हणजे लावायच्या उसाच्या कांड्या, त्यांनी कोपऱ्यावरच्या इजिप्शियन ज्यूसवाल्याकडून आणलं होतं. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये ते मला अगदी खुशीत म्हणाले, "बाळ, लागण झाली. काल दोन डोळे फुटले!"

मी कोपऱ्यात सरकले आणि हळूच म्हणाले, "गेट वेल सून." उसाच्या लावणीला लागण म्हणतात आणि कोंब फुटतो त्या जागेला डोळा, हे मला कुठल्याच शाळेने सांगितलं नव्हतं.

तुळशीच्या लग्नाला आईने दोन ऊस मागितले. "भावजी, मांडवाला हवेत."

"वहिनी, बाजारात बांबू मिळतोय बघा."

"बांबू? तुळशीचं लग्न आहे, बिल्डिंगचं रंगकाम नाही!"

काकांनी दिले नाहीत. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना तो ऊस फक्त जगायला हवा होता, आणि कशासाठी ते कुणालाच कळत नव्हतं. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्यांनी ऑफिसला सुट्टी टाकली.

त्याच शुक्रवारी त्यांनी आमची बेल वाजवली. "बाळ, जरा फोन धरतीस? मला दोन्ही हात लागणारेत." नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं, म्हणून मी गेले.

गावाकडे त्यांच्या वडिलांना व्हिडिओ कॉल होता. त्यांनी मागचा कॅमेरा लावला. "माझ्याकडं फिरवू नकोस. उसाकडंच धर."

"का?"

"आबा मला ओळखत न्हाईत आता. माझं तोंड दिसलं की नमस्कार करतात आणि फोन देऊन टाकतात." ते वाळलेलं पान सोलत होते. "ऊस ओळखतात."

स्क्रीनवर खाटेवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ आले. ऊस बघून पुढे सरकले. "पाला पिवळा पडलाय की हो. पाणी लई देताय तुम्ही. मुळ्या कुजतील."

"कमी करतो, आबा."

मग खत, मग माती, मग किडा. आबा बोलत राहिले, स्वतःच्या मुलाला अहो-जाहो करत. माझा हात दुखायला लागला.

"ऊस कुणाचा म्हणायचा ह्यो?"

"तुमच्या पोराचा."

आबा हसले. "ह्यॅ! त्यो कुवेतला असतोय. त्याला कुठला ऊस जमतोय?"

"व्हय आबा," काकाही हसले, "न्हाईच जमत त्याला." आणि बोलता बोलता त्यांच्या हातून एक हिरवं पान ओढलं गेलं.

"आरं ए!" फोनमधून आवाज आला. "हिरवं पान वढतोस व्हय? किती येळा सांगायचं तुला? अक्कल हाय का न्हाई?"

काका तसेच उभे राहिले. फाटलेलं पान हातात होतं. मग ते म्हणाले, "चुकलं, आबा."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. मी फोन धरला. आबांनी पाण्याची चौकशी केली, "तुम्ही" म्हणूनच. काकांनी खालची वाळलेली पानं तशीच ठेवली, वरच्या एका चांगल्या हिरव्या पानाला हात घातला, आणि फोनकडे बघत ते हळूहळू ओढायला लागले.